दोघांना पुरेल अशी पट्टी: लहान मुलांना अपरिमेय संख्या कशा समजावून सांगाल

भाच्याला मी पहिल्यांदा अपरिमेय संख्या समजावल्या तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. मी तोवर वीस वर्षं पाचवी-सहावीला गणित शिकवलेलं, त्यामुळे स्वतःला चांगलीच शहाणी समजत होते. सुरुवात पायपासून केली. ३.१४१५९२६५… ‘बघ, हे आकडे कधी संपतच नाहीत!’ तो खूश. आठवड्याभरात दशांशचिन्हापुढचे तीस आकडे पाठ करून त्यानं मला घडाघडा म्हणून दाखवले.

मी विचारलं, “मग अपरिमेय म्हणजे काय रे?”

“खूप लांब नंबर.”

“आणि एक छेद तीन? ०.३३३… तोही संपत नाही.”

“मग तोपण अपरिमेय!”

चूक त्याची नव्हती. मी त्याला शेपूट दाखवलं होतं, प्राणी दाखवलाच नव्हता. न संपणारे दशांश हा या गोष्टीचा शेवटचा भाग आहे आणि आपण सगळे तिथूनच सुरुवात करतो, कारण ते चमत्कारिक दिसतं. खरी गोष्ट शब्दातच आहे. ‘मेय’ म्हणजे मोजता येण्याजोगं. दोन लांब्या अशा असू शकतात की कितीही बारीक रेघांची पट्टी आणा, ती दोन्हींना नेमकी पुरत नाही. एकीला पुरली की दुसरीला काहीतरी उरतं. बस, एवढंच पोहोचवायचं आहे. त्यासाठी दशांश लागत नाहीत. गुणाकार, क्षेत्रफळ म्हणजे घरं मोजणं एवढी समज, कात्री, कागद आणि मूठ-दोन मूठ बटणं पुरतात. आठ ते अकरा वर्षांची मुलं हे करू शकतात. सगळं एका दिवसात उरकू नका. आमचे, म्हणजे माझे, थोरल्या भाच्याचे आणि धाकट्या भाचीचे, चार रविवार गेले.

आधी उलट गोष्टीवर विश्वास बसू द्या

‘अशी पट्टी नसते’ याचं आश्चर्य कधी वाटेल? ‘अशी पट्टी असतेच’ असं आधी वाटत असेल तरच. म्हणून पहिला दिवस त्या विश्वासासाठी ठेवा.

कोऱ्या कागदाच्या दोन पट्ट्या कापा, एक १२ सेंटिमीटरची, दुसरी ८ ची. त्यांच्यावर आकडे लिहू नका. मुलाला सांगा, अशी तिसरी पट्टी शोध की ती पुढे पुढे ठेवत गेलं तर या दोन्ही नेमक्या भरतील, टोकाला काही उरणार नाही. दोनची सापडते, एकची सापडते. ‘मोठ्यात मोठी कोणती?’ असा हट्ट धरला की चारची सापडते. मग १५ आणि ६ द्या. मग ७ आणि ५, तिथं एकवरच यावं लागतं. मग अडीच आणि चार. इथं धाकटी जरा अडखळली आणि मग अर्ध्या सेंटिमीटरची चिमुकली पट्टी कापून घेऊन आली.

आता एक युक्ती शिकवा, पुढे तिचंच काम पडणार आहे. लहान पट्टी मोठीवर ठेवायची आणि तेवढा भाग कापून टाकायचा. जे उरेल ते आणि लहान पट्टी घेऊन पुन्हा तेच. १२ मधून ८ गेले, ४ उरले. ८ मधून ४ दोनदा गेले, काहीच उरलं नाही. शेवटचा तुकडा हीच दोघांना पुरणारी पट्टी. मोजायची गरजच नाही, नुसती कात्री चालवायची. युक्लिडनं इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास ही रीत लिहून ठेवली आहे. मोठ्या मुलांना ती मसावि काढण्याची रीत म्हणून शाळेत भेटते, पण तिथं तिचा कागदाशी असलेला संबंध तुटलेला असतो.

मुलं थोड्या वेळानं कंटाळतील. कंटाळू द्या. ‘मावशी, हे तर नेहमी सापडतंच!’ हे वाक्य त्यांच्याच तोंडून यायला हवं. ग्रीसमध्ये पायथागोरसच्या पंथाचाही असाच समज होता असं सांगतात. तो समज मोडणाऱ्या हिपॅससला समुद्रात बुडवलं म्हणे. मुलांना ही गोष्ट फार आवडते. सांगायची तर दंतकथा म्हणून सांगा, कारण ती लिहिणारे लोक त्याच्यानंतर कित्येक शतकांनी झाले.

एक घडी आणि ‘बारीक पट्टी आण’

दहा सेंटिमीटर बाजूचा चौरस कागद घ्या. दोन्ही कर्णांवर हलकी घडी घालून उघडा, म्हणजे मध्यबिंदू मिळेल. आता चारही कोपरे त्या मध्यावर आणून दाबा. एक लहान चौरस तयार होतो.

“हा मोठ्याच्या किती?” असं विचारा आणि गप्प बसा. कुणीतरी कागद उलटापालटा करेल आणि म्हणेल की सगळीकडे दोन थर आहेत, कुठं एक नाही, कुठं तीन नाहीत. म्हणजे निम्मा. हे मुलाला स्वतःला दिसायला हवं, तुम्ही सांगू नका.

मग दुसरा प्रश्न. “याची बाजू किती?”

“पाच!” हे उत्तर येतंच. निम्मा चौरस, निम्मी बाजू. पाच पाचे पंचवीस करून दाखवायला सांगा. पंचवीस म्हणजे शंभराचा पाव, निम्मा नव्हे. (प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला दुप्पट चौरस काढायला सांगतो, तोही आधी बाजूच दुप्पट करून बसतो. त्यामुळे चुकलेल्या पोराला खट्टू होऊ देऊ नका, चूक जुनी आणि मानाची आहे.)

क्षेत्रफळ ५० हवं. सात साते एकोणपन्नास. जवळ, पण कमी. पट्टी लावली तर सात आणि वर किंचित. ‘किंचित म्हणजे किती’ यावर आमच्याकडे बरीच भांडाभांडी झाली, आणि मग धाकटी, वय वर्षं आठ, वैतागून म्हणाली, “मावशी, तुझी पट्टीच जाड्या रेघांची आहे. बारीक रेघांची आण ना!”

तुमच्याकडचं मूल हे म्हणेपर्यंत थांबा. हाच तो क्षण. इथं ‘अगं, तशी पट्टी नसतेच’ असं सांगून टाकलंत तर सगळं वाया गेलं, ती एक ऐकीव माहिती होऊन बसेल. मी पहिल्या वेळी नेमकं तेच केलं होतं. त्याऐवजी म्हणा, “बरं, आणू या. जगात कुणाकडे नसेल इतकी बारीक पट्टी आणली असं समजू. मग काय होईल?”

मग असं होईल. मोठ्या बाजूवर त्या पट्टीची पूर्ण काही घरं बसतील, आणि लहान बाजूवरही पूर्ण काही घरं बसतील. दोन्ही चौरसांवर तेवढ्याच बारीक चौकटी आखल्या तर मोठ्या चौरसातल्या चौकटी दोन लहान चौरसांतल्या मिळून होतात तेवढ्याच भरल्या पाहिजेत, कारण तो नेमका दुप्पट आहे. म्हणजे प्रश्न पट्टीचा राहिलाच नाही, मोजणीचा झाला: दोन सारखे चौरस मोडून त्यांच्या सगळ्या घरांचा एकच मोठा चौरस करता येतो का?

पुढे जाण्याआधी एक खोडी करा. मुद्दाम ९९ मिलिमीटरचा चौरस कापून द्या, दहा सेंटिमीटरला एक कमी. त्याची तशीच घडी घालून मोजायला लावा. बरोबर ७० मिलिमीटर! आमच्याकडे ‘सापडली, सापडली’ म्हणून नाच झाला. नाच संपला की म्हणा, आता गुणाकार करा. ७० गुणिले ७० म्हणजे ४९००, दोनदा घेतले की ९८००. आणि ९९ गुणिले ९९ म्हणजे ९८०१. नऊ हजार आठशे एकपैकी एका चौकटीचा घोळ! कुठल्याही पट्टीला, कुठल्याही डोळ्याला तो दिसणार नाही. गुणाकाराला मात्र दिसतो. पट्टीनं मोजून बघणं आणि घरांची मोजणी करणं यांतला फरक मी वर्षानुवर्षं शब्दांत सांगायचा प्रयत्न करत होते. तो थोरल्याला या एका चौकटीनं कळला.

बटणांचे चौरस

आईचा जुना बटणांचा डबा माझ्याकडे आहे, तो उपडा केला. नियम असा: दोन सारखे चौरस मांडायचे, मग तीच बटणं घेऊन एक मोठा चौरस करायचा. एकही बटण उरता कामा नये, एकही कमी पडता कामा नये.

दोन-दोनचे दोन चौरस, आठ बटणं. तीन-तीनच्या चौरसाला नऊ लागतात. एक कमी पडलं.

पाच-पाचचे दोन, पन्नास बटणं. सात-सातच्या चौरसाला एकोणपन्नास. एक उरलं.

ते उरलेलं एक बटण धाकटीनं चिडून भिंतीवर फेकलं. तेव्हा म्हटलं, हिला विषय कळला.

इथून पुढे बटणं पुरत नाहीत, आलेख कागद घ्या किंवा नुसते गुणाकार करा. १२ चे दोन चौरस: २८८. १७ चा एक: २८९. एक कमी. २९ चे दोन: १६८२. ४१ चा एक: १६८१. एक उरला. मग ७० आणि ९९, ते तर आपण कापून पाहिलेच. थोरल्यानं या जोड्या ओळीनं लिहून काढल्या आणि त्यातली गंमत मी न सांगता शोधली: लहान बाजू आणि मोठी बाजू यांची बेरीज केली की पुढची लहान बाजू मिळते. २ आणि ३ चे ५, ५ आणि ७ चे १२, १२ आणि १७ चे २९. आणि पुढची मोठी बाजू? जुनी लहान अधिक नवी लहान. ५ आणि १२ चे १७. एकदा किल्ली सापडल्यावर तो थांबेना. ४०८ आणि ५७७ पर्यंत गेला: ५७७ चा वर्ग ३३२९२९, ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३३२९२८. तीन लाखांत एक!

ही शेवटची जोडी दिसली आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण ती फार जुनी ओळखीची आहे. बौधायनाच्या शुल्बसूत्र या प्राचीन ग्रंथात चौरसाच्या कर्णाची लांबी काढायचा नियम आहे (चौरसाचा कर्ण म्हणजेच त्याच्या दुप्पट चौरसाची बाजू): बाजूत तिचा तिसरा हिस्सा मिळवा, त्या हिश्श्याचा चौथा हिस्सा मिळवा, आणि या शेवटच्याचा चौतिसावा हिस्सा वजा करा. पहिल्या दोन पायऱ्यांनी १७/१२ येतात, तिसरीनंतर ५७७/४०८. शुल्ब म्हणजे दोरी. दोरीनं जमीन आखणाऱ्या माणसांनी जिथवर मजल मारली होती तिथवर हा पोरगा बटणांवरून पोहोचला. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, “मग त्यांचंही एकानं चुकलं?” हो, चुकलं.

कधीच का जमणार नाही

इतक्या हुलकावण्या झाल्या की मुलं दोन गटांत विभागतात. काहींना वाटतं, पुढे कुठंतरी जमेलच. काहींना वाटतं, हे कधीच जमणार नाही. दोन्ही बाजूंना भांडू द्या. त्यानंतरच पुढचं दाखवा, दहा-अकराच्या मुलांना ते पुरतं कळतं. लहानांना नाही कळलं तरी हरकत नाही, त्यांच्यासाठी कापाकापी आहेच.

आलेख कागदावर ७ बाय ७ चा एक चौरस कापा. वेगळ्या रंगाच्या कागदाचे ५ बाय ५ चे दोन कापा. मोठा चौरस खाली ठेवा. एक लहान चौरस त्याच्या डाव्या-खालच्या कोपऱ्यात बसवा, दुसरा उजव्या-वरच्या कोपऱ्यात. मधे ते एकमेकांवर चढतात: ३ बाय ३ चा चौरस, तिथं दुहेरी थर. आणि दोन कोपरे उघडे राहतात, २ बाय २ चे.

आता विचारा: दोन लहान चौरसांतली घरं मोठ्याला नेमकी पुरायची असतील तर काय झालं पाहिजे? मधे जेवढी घरं दुहेरी वापरली गेली, तेवढीच घरं उघड्या कोपऱ्यांत हवीत. म्हणजे मधला चौरस दोन कोपऱ्यांच्या चौरसांएवढा हवा. इथं मधे नऊ आहेत आणि कोपऱ्यांत चार-चार आठ. एकाचा फरक, ५० आणि ४९ मध्ये होता तेवढाच.

थोडं थांबा. मुलाला पुन्हा बघू द्या. मधला चौरस आणि दोन सारखे कोपरे, हा तर पुन्हा तोच खेळ झाला की! फक्त लहान झाला.

आता समजा, कुणीतरी छाती ठोकून सांगितलं की मला जमलं, माझ्याकडे भल्या मोठ्या संख्यांची जोडी आहे. ठीक आहे, ठेव तुझे चौरस असेच. मधला चौरस आणि दोन कोपरे मिळून एक लहान जोडी तयार, तीही नेमकी जमलेली. ती पुन्हा तशीच ठेव, आणखी लहान जोडी. पुन्हा ठेव. दर वेळी घरं पूर्ण, आणि दर वेळी संख्या आधीपेक्षा कमी. असं किती दिवस चालणार? बटणाचं अर्धं बटण करता येत नाही. कुठंतरी तळ लागणारच, आणि तळाशी १, २, ३ करून आपण पाहिलेलंच आहे की जमत नाही. म्हणजे ती भली मोठी जोडी मुळात नव्हतीच.

ही मांडणी स्टॅन्ली टेनेनबाम या गणितज्ञाच्या नावानं ओळखली जाते आणि ती विसाव्या शतकातली आहे. शाळेत सम-विषमची जी सिद्धता देतात ती बरोबरच आहे, पण दहा वर्षांच्या मुलासमोर ‘समजा प आणि क यांना सामाईक विभाजक नाही’ म्हटलं की त्याचे डोळे खिडकीकडे जातात. हे रंगीत कागद त्यानं स्वतः सरकवलेले असतात.

आता धाकटीच्या मागणीला उत्तर मिळालं. बारीक पट्टी आणली असती तर चौरसांची अशी जोडी मिळाली असती. तशी जोडी नाही, म्हणून तशी पट्टीही नाही. आम्ही बाजारात शोधली नाही, कारखान्यांना विचारलं नाही, तरी आम्हाला नक्की माहीत आहे. हे तिला किती विचित्र वाटलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिनं विचारलं, “अजून कुणी बनवली नाही म्हणून की बनवताच येत नाही म्हणून?” असा प्रश्न आला की पाठ थोपटा.

कात्रीचा दुसरा रस्ता

आठ वर्षांच्या मुलांना हा जास्त आवडतो. छपाईचा नेहमीचा ए-फोर कागद घ्या: २१० मिलिमीटर रुंद, २९७ लांब. त्याचा आकार खास आहे. मधोमध निम्मा केला तरी आकार तोच राहतो, फक्त लहान होतो. असा आकार व्हायचा तर लांबी आणि रुंदी आपल्या त्या दोन चौरसांच्या बाजूंसारखीच हवी. (२९७ आणि २१० ला तीननं भागून बघा. ९९ आणि ७०! थोरला हे पाहून खुर्चीतून उठलाच.)

आता पट्ट्यांची पहिल्या दिवशीची युक्ती वापरा, फक्त पट्टीऐवजी चौरस कापा. कागदातून मोठ्यात मोठा चौरस कापून काढला की लांबट तुकडा उरतो, २१० बाय ८७. त्यातून ८७ चे दोन चौरस निघतात, उरतो ८७ बाय ३६. त्यातून ३६ चे दोन, उरतो ३६ बाय १५. पुन्हा दोन. पुन्हा दोन.

उरलेले तुकडे एकावर एक, कोपऱ्याला कोपरा लावून ठेवा. सगळ्यांचे कर्ण जवळजवळ एकाच रेषेत येतात. धाकटी म्हणाली, “हा तर मघाचाच तुकडा, फक्त बाळ!” हेच म्हणायला हवं. प्रत्येक तुकड्यातून दोन चौरस निघून पुन्हा त्याच आकाराचं बाळ उरत असेल, तर हे संपणार कधी? आकार बदलला तर संपेल, पण आकार बदलतच नाही. आणि पहिल्या दिवशी काय ठरलं होतं? दोघांना पुरणारी पट्टी असली तर कापाकापी संपते.

एक प्रामाणिकपणा इथं पाळायचा. खरा ए-फोर कागद मिलिमीटरमध्ये पूर्णांकात ठरवलेला आहे, त्यामुळे हिशेबानं तो ३ मिलिमीटरवर संपतो. तुमची कात्री तर त्याच्याही आधी हात टेकेल, आमचा चौथाच तुकडा वाकडा आला. मुलांना सांगा की कागद हा त्या आकाराच्या फार जवळचा आहे, तो आकार नव्हे. ९९ मिलिमीटरची खोडी आधी झालेली असेल तर ते हे सहज मान्य करतात.

आता नाव, आणि मग दशांश

मोठी बाजू ही लहान बाजूच्या किती पट, या संख्येला नाव द्यायची वेळ आता आली. तिचा वर्ग २. म्हणून २ चं वर्गमूळ, √२. पुढच्या वर्गांत अशा मुळांना करणी म्हणतात. मी हा शब्द उगाच आधी उच्चारला, तर ‘कुणी केली?’ हा विनोद पंधरा मिनिटं चालला. तुम्ही टाळा.

साध्या कॅल्क्युलेटरवर २ चं वर्गमूळ काढलं की १.४१४२१३५ दिसतं. ते कागदावर लिहा, कॅल्क्युलेटर पुसा, लिहिलेली संख्या पुन्हा टाका आणि तिला तिनंच गुणा. २ येत नाही, १.९९९९९९८ येतं. आणखी आकडे घेतले तर बरोबर २ येईल का? याला एक सुरेख उत्तर आहे आणि ते तिसरीतल्या पाढ्यांवर चालतं. दशांशातला शेवटचा आकडा १ ते ९ पैकी काहीतरी असणार. एक एके एक, बे दुणे चार, तीन त्रिक नऊ, पुढे सहा, पाच, सहा, नऊ, चार, एक. वर्गाच्या शेवटी शून्य कधीच येत नाही. म्हणजे कुठंही थांबलात तरी गुणाकाराच्या शेपटीला काहीतरी चिकटलेलंच राहणार, निखळ २ येणार नाही.

पण सावध. यातून फक्त ‘संपत नाही’ एवढंच सिद्ध झालं. एक छेद तीनही संपत नाही. तेव्हा एकाला सातनं हातानं भागायला लावा आणि बाक्या बाजूला लिहायला सांगा: १, ३, २, ६, ४, ५, आणि पुन्हा १. सातनं भागताना बाकी सहाच प्रकारची उरू शकते (शून्य उरली तर भागाकारच संपला), त्यामुळे लवकरच जुनी बाकी परत येते आणि तिच्यामागून जुने आकडेही येतात. १४२८५७, १४२८५७. कुठलाही अपूर्णांक घ्या, तो एकतर संपतो नाहीतर गोल फिरू लागतो. चौरसांची नेमकी जोडी नाही, म्हणजे √२ अपूर्णांकच नाही, मग तो संपतही नाही आणि फिरतही नाही. या क्रमानं गेलं की न संपणारे आकडे जादू वाटत नाहीत.

‘त्यात पॅटर्न नसतो’ असं मात्र सांगू नका, ही चूक शिक्षकही करतात. ०.१०१००१०००१००००१… यात नियम अगदी उघड आहे, दर वेळी एक शून्य वाढतं. तरी तोच तो गट पुन्हा पुन्हा येत नाही, म्हणून ही संख्या अपरिमेयच. मुलांना स्वतःची अपरिमेय संख्या बनवू द्या. थोरल्यानं १, २, ३, ४, ५ अशा सगळ्या संख्या ओळीनं चिकटवल्या: ०.१२३४५६७८९१०१११२… तीही चालते.

पायचं काय?

पायबद्दल फक्त सांगायचं, सिद्ध करायला जायचं नाही. लॅम्बर्ट या गणितज्ञानं १७६१ मध्ये पाय अपरिमेय असल्याचं दाखवलं, आणि त्याची बटणांत मावेल अशी सिद्धता मला तरी माहीत नाही. पण एक गोष्ट नक्की करा. शाळेत ‘पाय म्हणजे बावीस छेद सात’ असं ऐकलेलं मूल ‘पाय अपरिमेय आहे’ हे ऐकून गोंधळतंच, आणि त्याचं बरोबर असतं, कारण बावीस छेद सात हा अपूर्णांक आहे. दोन्ही मांडून दाखवा: ३.१४२८… आणि ३.१४१५… दुसऱ्या दशांशस्थळानंतर वाटा वेगळ्या होतात. बावीस छेद सात हा पायचा शेजारी, पाय नव्हे.

आणखी एक गैरसमज हटकून येतो. भाचा म्हणाला, “म्हणजे त्या संख्येला स्वतःलाच नक्की माहीत नाही ती किती आहे.” हसू आलं, पण उत्तर गंभीरपणे द्या. घडीच्या कागदाची लहान बाजू एक धरून संख्यारेषा आखा आणि मोठी बाजू शून्यापासून तिच्यावर ठेवा. तिचं टोक १.४ आणि १.५ च्या मधे एका जागी पडतं. एकाच, ठरलेल्या जागी. तिला तिनंच गुणलं की नेमके दोन. डळमळीत आहे ते आपलं लिहिणं.

चौथ्या रविवारी मी सामान आवरायला घेतलं तर धाकटीनं डबा सोडला नाही. तिला तीन सारखे चौरस मोडून एक करायचा होता. (चार चौरसांचा सहज होतो, ते तिनं आधीच करून पाहिलं होतं, आणि √४ ला करणी का म्हणत नाहीत हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.) चार-चारचे तीन, अठ्ठेचाळीस. सात-सातला एकोणपन्नास. एक कमी. एक-एकचे तीन, दोन-दोनला चार, पुन्हा एक कमी. पंधराचे तीन, ६७५. सव्वीसचा वर्ग ६७६. पुन्हा एक कमीच.

“मावशी, तीनच्या खेळात एक बटण कधी उरतच नाही. नेहमी कमीच का पडतं?”

मला लगेच सांगता आलं नाही. रात्री कागद घेऊन बसले तेव्हा कळलं: वर्गाला तीननं भागलं की बाकी शून्य किंवा एक, दोन कधीच नाही, आणि एक बटण उरायचं तर मोठ्या चौरसाची बाकी दोन यायला हवी. सकाळी तिला बोलावलं आणि १, ४, ९, १६, २५ बटणांचे ढीग तीन-तीन करून उचलायला लावले.